दम लवकर वाढतो, हाड सावकाश: व्यायामातल्या दुखापतींविषयी

प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, बैठं काम. अडीच महिन्यांपूर्वी धावायला सुरुवात केली, त्याच सुमारास आठवड्यातून दोन दिवस जिम आणि सुटीच्या दिवशी बॅडमिंटन. सातव्या आठवड्यात दोन्ही नडग्या दुखायला लागल्या. दुखणं अंगावर काढत व्यायाम चालू ठेवला आणि दहाव्या आठवड्यात कोर्टवर घोटा मुरगळला. वॉर्म-अप, स्ट्रेचिंग नियमित होतं, बूटही चांगले होते. मग हे का झालं, कोणतं दुखणं सोसायचं, कोणत्या दुखण्याला थांबायचं, आणि परत कधी खेळायचं?

आधी एक गोष्ट वेगळी करू. घोटा आणि नडगी या दोन निराळ्या जातीच्या दुखापती आहेत. घोटा एका क्षणात गेला: पाऊल वाकडं पडलं, लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्याला, झेपेल त्यापेक्षा जास्त ताण आला, धागे तुटले. नडगीची दुखापत सातव्या आठवड्यात झालेली नाही, ती पहिल्या आठवड्यापासून साचत होती. पहिल्या जातीत नेमका क्षण सांगता येतो. दुसऱ्या जातीत माणूस "परवापासून दुखतंय" म्हणतो, पण त्याची व्यायामाची वही उघडली तर उत्तर महिनाभर मागे सापडतं.

सातवाच आठवडा का? नव्याने व्यायाम सुरू केला की शरीराचा प्रत्येक भाग आपापल्या गतीने तयार होतो. रक्तातला द्रवभाग पहिल्या एक-दोन आठवड्यांत वाढतो, म्हणून धाप लागणं लवकर कमी होतं. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्नायूंची ताकद वाढते, ती मुख्यतः नसांकडून स्नायूंना जाणारे संदेश सुधारल्यामुळे. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, बळकट व्हायला तीन महिने आणि पुढे लागतात. हाडाचं गणित तर उलटंच आहे. नवा भार आला की हाडातल्या पेशी आधी जुनं हाड कोरून काढतात. हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. कोरलेली जागा नव्या हाडाने भरायला मात्र साधारण तीन महिने जातात. म्हणजे मधल्या काळात, चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास, ज्या हाडावर नवा भार पडतोय ते काही काळ सुरुवातीपेक्षाही पोकळ झालेलं असतं. नेमक्या त्याच आठवड्यांत दम वाढलेला असतो, पाय हलके वाटतात आणि माणूस अंतर वाढवतो. सैन्यात नव्याने भरती झालेल्यांच्या नडग्यांत आणि तळपायांत पहिल्या काही आठवड्यांत बारीक भेगा पडतात, त्यामागेही हेच कारण असतं. तुमचं वेळापत्रक त्याला अगदी जुळतं.

नडगी: चार बोटांची जागा की एका बोटाची

नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठ्याने घोट्यापासून वर दाबत जा. खालच्या दोन-तृतीयांश भागात पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, धावायला सुरुवात करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ती हाडाच्या कडेवर पडणाऱ्या ताणाची तक्रार आहे. लोक याला शिन स्प्लिंट म्हणतात. दुखणं एका बोटाने दाखवता येत असेल, तिथे दाबल्यावर कळ जात असेल, धावताना कमी होण्याऐवजी वाढत असेल, एका पायावर उडी मारल्यावर नेमकं तिथेच टोचत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडात भेग पडलीय असं धरूनच चालायचं.

इथे एक्स-रेने फसायला होतं. भेगेच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बहुधा स्वच्छ दिसतो. "एक्स-रे नॉर्मल आला, म्हणजे काही नाही" असं समजून लोक पुन्हा धावायला लागतात आणि केसाएवढी भेग पूर्ण मोडते. संशय असेल तर एमआरआय करावा. काही जागांना अजिबात सूट द्यायची नाही: नडगीची पुढची धार मध्यावर, जांघेत खोलवर (खुब्याच्या हाडाची मान), पावलाचा वरचा उंचवटा आणि करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाचं मूळ. धावणाऱ्याची जांघ दुखतेय आणि एका पायावर उडी मारता येत नाही, तर तपासणी होईपर्यंत त्या पायावर भार नको. ती भेग सरकली तर शस्त्रक्रिया टळत नाही.

तिसरी शक्यता क्वचित, पण ओळखायला सोपी: ठरावीक मिनिटांनंतर पोटरी किंवा नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी कडक होते, पाऊल बधिर होतं, थांबलं की दहा-पंधरा मिनिटांत सगळं ठीक. ही स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढण्याची तक्रार आहे. ती हाडाच्या उपचाराने बरी होत नाही.

दुखण्याचा पट्टा लांब असेल, म्हणजे शिन स्प्लिंट असेल, तर धावणं थांबवून सायकल किंवा पोहणं चालू ठेवा. दम त्यानेही टिकतो. सलग पाच दिवस अर्धा तास भरभर चालून अजिबात दुखलं नाही आणि दाबल्यावरचं दुखणंही गेलं, की एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ फेरे एक दिवसाआड. तीन वेळा निर्वेध झालं की धावणं दोन मिनिटं. सोबत पोटरीचं काम: गुडघा सरळ ठेवून टाचा उचलणं १५ चे तीन सेट, मग गुडघा किंचित वाकवून तेवढेच. वाकवलेल्या गुडघ्याचा प्रकार बहुतेक जण गाळतात. धावताना नडगीचा भार घेणारा पोटरीतला खोलवरचा स्नायू त्यानेच तयार होतो. शिवाय धावताना मिनिटाला किती पावलं पडतात ती मोजा. १६० पडत असतील तर त्याच वेगाला १६८ ते १७२ करून बघा. पाऊल आखूड पडतं, टाच शरीराच्या फार पुढे आपटत नाही, नडगी आणि गुडघा दोघांवरचा भार उतरतो. गुडघ्याच्या वाटीभोवती जिने उतरताना दुखणाऱ्यांनाही हाच बदल लागू पडतो. त्यांनी मात्र खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम जोडीला घ्यावेत, नुसतं गुडघ्याकडे बघू नये.

किती वाढवायचं

"दर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका" हा सल्ला सगळीकडे सापडतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला नवख्या धावपटूंवर याची चाचणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष आले. १० टक्क्यांच्या नियमाने वाढवणारे आणि त्याहून झपाट्याने वाढवणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. म्हणजे आठवड्याची बेरीज सांभाळली की सुरक्षित, असं नाही. माझ्या मते त्याहून उपयोगी मोजमाप एका दिवसाचं आहे: गेल्या ३० दिवसांत तुम्ही एका दमात सगळ्यात लांब किती धावलात? पुढची एकही धाव त्याच्या फार पुढे जाऊ नये. रोज पाच किलोमीटर धावणारा मित्रांच्या आग्रहाने एके दिवशी दहा धावतो, तेव्हा आठवड्याची बेरीज फारशी बिघडत नाही, नडगी बिघडते.

आणि बेरजेत सगळं धरायचं. बॅडमिंटनच्या एका तासात शेकडो उड्या आणि झटकन थांबणं असतं. जिममधल्या उड्या, दोरीवरच्या उड्या, टेकडी चढणं हेसुद्धा त्याच नडगीने सोसलेलं असतं. तुम्ही तीन गोष्टी एकाच महिन्यात सुरू केल्या. त्यातली कोणतीही एक बहुधा चालून गेली असती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी अंतर, ते अंगवळणी पडलं की वेग, मग चढ. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका.

आजारपणानंतर किंवा लांब सुटीनंतर मागच्या पानावरून पुढे सुरू करू नका. दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला असेल तर निम्म्यावर यायचं. जिममध्ये तर हे फारच महत्त्वाचं. महिनोन् महिने खंड पडल्यावर पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारल्या, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले पदार्थ रक्तात उतरतात. दोन-तीन दिवस मांड्या सुजतात, हात-पाय सरळ होत नाहीत आणि लघवी काळपट चहासारखी होते. लघवीचा तो रंग दिसला तर घरी पाणी पीत बसायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. मूत्रपिंड बंद पडू शकतं.

सोसायचं दुखणं आणि न सोसायचं

नवा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं. दोन्ही बाजूंना, स्नायूच्या गरात, दाबल्यावर आणि ताणल्यावर, आणि हालचाल सुरू झाली की मोकळं होतं. २४ ते ७२ तासांत ते सगळ्यात जास्त असतं, मग काही दिवसांत ओसरतं. हे खुशाल सोसा.

कंडरेचं दुखणं चकवतं. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागची शीर आखडलेली, पहिली वीस पावलं लंगडत, मग ठीक. खेळायला लागल्यावर तर दुखणं पार गायब, म्हणून माणूस पूर्ण खेळतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुप्पट. कंडरेला पूर्ण विश्रांती दिली तर ती आणखी दुबळी होते, म्हणून थांबणं हाही उपाय नाही. इथे दुखणं शून्य ते दहाच्या मापावर मोजायचं. व्यायाम करताना पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजच्या पातळीला आलंच पाहिजे, आणि आठवड्यागणिक सकाळचा आखडलेपणा वाढता कामा नये. वाढला तर भार कमी करा, बंद करू नका.

टाचेमागच्या कंडरेसाठी १९९८ मध्ये स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन यांनी मांडलेला व्यायाम अजूनही उभा आहे. पायरीच्या काठावर चवडे, दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एकट्या पायाने सावकाश खाली. १५ चे तीन सेट गुडघा सरळ, १५ चे तीन गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दिवसाला १८० होतात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात ते बरोबर चुकीच्या वेळी सोडतात. दुखणं अगदी टाचेच्या हाडावरच असेल तर मात्र टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. खाली नेलं की कंडरा हाडावर चेपली जाते.

माप चालत नाही अशा गोष्टी: हाडाचं एका बोटाचं दुखणं (तिथे मर्यादा शून्य), सांध्यात आलेली सूज, गुडघा अडकणं किंवा दगा देणं, मुंग्या आणि बधिरपणा, तुमची पावलं टाकण्याची ढब बदलवणारं कुठलंही दुखणं. लंगडत धावणारा दुसऱ्या पायाची दुखापत कमावत असतो.

वेदनाशामक गोळी घेऊन खेळायला उतरणं मला अजिबात मान्य नाही. दुखणं हे एकमेव माप, तेच झाकून टाकायचं म्हणजे डोळे मिटून गाडी हाकायची. शिवाय आयबुप्रोफेनसारखी गोळी, घाम गेल्याने आटलेलं शरीर आणि लांब धाव, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो.

घोटा

पाऊल आत वळलं की बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या बाजूचा लिगामेंट सगळ्यात आधी जातो. पहिला प्रश्न हाड मोडलंय का. त्यासाठी ओटावाचे नियम आहेत, कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले. बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघा. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तो दाबा. आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबा. यातलं कुठलंही हाड दुखलं, किंवा मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. (लंगडत टाकलेली पावलंही धरतात.) यातलं काहीच नसेल तर उपचार लागेल इतकं हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. सूज किती आली यावरून हाडाचा अंदाज बांधू नका. साध्या मुरगळण्यातही घोटा लिंबाएवढा फुगतो.

नडगीची दोन्ही हाडं पोटरीच्या मध्यावर एकमेकांकडे दाबली आणि कळ खाली घोट्याच्या वर उठली, तर ती दोन हाडं एकमेकांना बांधणारा वरचा लिगामेंट गेलाय. तो बरा व्हायला दुप्पट वेळ घेतो आणि कधी कधी शस्त्रक्रियाही लागते. सूज कमी दिसते म्हणून हा प्रकार सुटून जातो.

पहिले दोन-तीन दिवस: बोटांच्या मुळापासून वर क्रेप बँडेज, बोटं निळी किंवा गार पडणार नाहीत इतपत घट्ट, बसल्यावर पाय हृदयाच्या पातळीच्या वर, चोळणं, शेकणं, मद्य बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, फक्त दुखणं कमी करायला. बर्फाने जखम लवकर भरते असं नाही. विश्रांती, बर्फ, दाब, उंची ही चौकडी १९७८ मध्ये रूढ करणारे डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती दोन्हींमुळे भरून येणं लांबू शकतं. सूज ही दुरुस्ती करणाऱ्या पेशींची वाहतूक आहे, तिला आवर घालायचा असतो, बंद पाडायचं नसतं.

साध्या मुरगळण्याला प्लास्टर आणि तीन आठवडे पलंग हा उपचार घोट्याला नंतर महाग पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सोसेल तेवढा भार टाकत चाला, काठी घेऊन का होईना, पण टाच ते चवडा अशी पूर्ण चाल ठेवून. बसल्या बसल्या पावलाने हवेत अक्षरं काढा. भार बिनदुखता झेपू लागला की दोन्ही पायांनी टाचा उचलणं, मग एका पायाने.

पुढचा टप्पा लोक सोडतात आणि म्हणूनच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. लिगामेंट हा नुसता दोर नसतो. पाऊल कसं पडतंय ही खबर मेंदूला देणारी टोकं त्यात असतात. धागे तुटले की खबरही उशिरा पोचते. ती परत आणायला तोल सांभाळण्याचा सराव लागतो: एका पायावर ३० सेकंद, जमलं की डोळे मिटून, मग उशीवर उभं राहून भिंतीवर चेंडू फेकत झेलणं. रोज दहा मिनिटं, निदान सहा-आठ आठवडे. त्यानंतर उड्या, पुढे-मागे, मग आडव्या, मग इंग्रजी आठाच्या आकारात धावणं.

सूज उतरली म्हणजे घोटा तयार, असं नाही. कोर्टवर परतण्याआधी चार गोष्टी बघा: गुडघा भिंतीला टेकवताना टाच न उचलता पाऊल दुसऱ्या पायाइतकंच लांब ठेवता येतं का, एका पायावर टाचा उचलणं दुसऱ्या पायाइतकं होतं का, एका पायावर लांब उडी दुसऱ्याच्या निदान ९० टक्के जाते का, आणि पूर्ण वेगात दिशा बदलताना मनात धास्ती येते का. हलकी मुरगळ एक-दोन आठवड्यांत इथे पोचते, मधली तीन ते सहा आठवड्यांत, जोराची तीन महिनेही घेते. परतल्यावर वर्षभर खेळताना लेसची ब्रेस किंवा टेप लावा. त्याने घोटा दुबळा होतो ही भीती खोटी आहे. जुनी दुखापत हेच नव्या दुखापतीचं सगळ्यात मोठं कारण असतं.

वय ३८ आणि बॅडमिंटन: एक वेगळा इशारा

टाचेमागची कंडरा तुटणारे बहुतेक तीस ते पन्नासच्या दरम्यानचे असतात, आठवडाभर बसून एक दिवस जोरात खेळणारे. पुढे झेपावताना मागून कुणी लाथ मारली किंवा रॅकेट बसलं असं वाटतं, मागे बघितलं तर कुणी नसतं. गंमत अशी की माणूस चालू शकतो, पाऊल खालीही दाबू शकतो, कारण तेवढं काम इतर स्नायू करतात. म्हणून "पोटरी ओढली गेली" समजून दिवस जातात. परीक्षा सोपी आहे: पालथं झोपवून पाय पलंगाबाहेर ठेवायचे आणि पोटरीचा गर दाबायचा. चांगल्या पायाचं पाऊल हलतं. तुटलेल्या बाजूचं हलत नाही. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या प्रतिजैविकांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो आणि तो औषध संपल्यावर काही महिने राहू शकतो. अशा गोळ्या चालू असताना उड्यांचे खेळ नकोत. कंडरेच्या आत स्टेरॉइडचं इंजेक्शनही नको.

गुडघ्याची तशीच खूण: उडी मारून उतरताना किंवा वळताना "टक" असा आवाज, आणि दोन तासांत गुडघा टम्म. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे सांध्यात रक्त, आणि सांध्याच्या आतला पुढचा तिरका लिगामेंट (एसीएल) गेल्याची दाट शक्यता. शस्त्रक्रिया झाली तर वळणावळणांच्या खेळात नऊ महिन्यांच्या आत परतू नये. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका निम्म्याने उतरत गेला.

स्ट्रेचिंग, वॉर्म-अप आणि ज्याने खरंच फरक पडतो

उभं राहून ताण धरून ठेवायचं स्ट्रेचिंग खेळाआधी केलं तर दुखापती विशेष कमी होत नाहीत. एकाच स्नायूला मिनिटभराहून जास्त ताण धरला तर पुढचा काही वेळ ताकद थोडी उतरते. लवचीकता हवी असेल तर ते व्यायामानंतर करा. खेळाआधी बारा-पंधरा मिनिटं चढत्या क्रमाने हालचाल हवी: तीन-चार मिनिटं हलकी धाव, मग पुढे आणि आडवे लंज (एक पाय लांब टाकून गुडघा वाकवणं), बाजूला सरकणं, मग हलक्या उड्या मारून गुडघा पावलाच्या रेषेत ठेवत उतरणं, शेवटी शटलशिवाय कोर्टवर हालचाल आणि अर्ध्या जोराचे स्मॅश. फुटबॉलसाठी 'फिफा ११+' हा वीस मिनिटांचा संच २००६ पासून आहे. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ चे. एकूण दुखापती साधारण एक-तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती निम्म्याने कमी झाल्या. त्या संचात धावण्याइतकाच भाग ताकदीचा आणि तोलाचा आहे, तेच त्याचं मर्म. २०१४ मध्ये २६ हजारांहून अधिक लोकांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, त्यात ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक-तृतीयांशाहूनही खाली आल्या, स्ट्रेचिंगने काही फरक दिसला नाही.

वेगाने धावणाऱ्यांना मांडीच्या मागचा स्नायू छळतो. त्यासाठी नॉर्डिक: गुडघे मऊ गादीवर, जोडीदार घोटे धरून बसलेला, खुबा न वाकवता अंग सरळ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकायचं, शेवटी हातांवर पडायचं, हातांनीच वर यायचं. पहिला आठवडा एकदाच, पाचचे दोन सेट. दुसऱ्यात दोनदा, सहाचे दोन. तिसऱ्यात तीनदा, सहा ते आठचे तीन. चौथ्यात आठ ते दहाचे तीन. पाचव्यापासून १२, १० आणि ८ असे तीन सेट. पुढे टिकवायला आठवड्यातून एकदा पुरतं. या व्यायामाने मांडीमागच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात. तरी संघ तो टाळतात, कारण पहिल्या आठवड्यात फार अंग दुखतं, आणि ते दुखतं ते पहिल्याच दिवशी दहाचे तीन सेट मारल्यामुळे.

जिममधल्या पाठदुखी-खांदेदुखीला लोक चुकीच्या पद्धतीला दोष देतात. पद्धत महत्त्वाची आहेच: डेडलिफ्टमध्ये बार नडगीला लागून वर यावा, बेंच प्रेसमध्ये कोपरं अंगापासून काटकोनात न पसरता ४५ ते ६० अंशांत ठेवावीत. पण बहुतेकदा खरं कारण वजनातली उडी असते. प्रत्येक सेटला आणखी दोन वेळा उचलता आलं असतं इतक्यावर थांबा. ठरलेल्या संख्येपेक्षा दोन जास्त सलग दोन दिवस जमले, की अडीच किलो वाढवा.

बुटांबद्दल थोडकं: पाऊल आत वळतं की बाहेर यावरून बूट निवडल्याने दुखापती टळतात, याला भक्कम आधार नाही. पायात घातल्याक्षणी आरामात वाटेल तो घ्या, नवी जोडी जुनीसोबत आलटून पालटून घाला, आणि धावण्याचे बूट कोर्टवर नेऊ नका. त्यांचा तळ उंच आणि मऊ असतो. आडवं थांबताना पाऊल त्यावरून कलंडतं. तुमच्या घोट्याला ते कारणीभूत असू शकतं.

झोप आणि जेवण हेही याच खात्यात. आठ तासांहून कमी झोपणाऱ्या किशोर खेळाडूंना दुखापती १.७ पट आढळल्या आहेत. वजन उतरवण्यासाठी खाणं तोडून धावणं वाढवलं की हाड भरायला सामान उरत नाही. बाईची पाळी तीन महिने चुकली आणि नडगी दुखतेय, तर आधी हाडाची भेग शोधा आणि तिच्या खाण्याची चौकशी करा.

आता तुमच्यापुरतं. ओटावाचे नियम आणि नडगीची बोटाची परीक्षा आजच करा. दोन्हींत काही सापडलं तर पुढचं सगळं डॉक्टर ठरवतील. नसेल तर पहिले दोन आठवडे सायकल, टाचा उचलणं आणि एका पायावरचा तोल, जिममध्ये वरच्या अंगाचे व्यायाम. तिसऱ्या आठवड्यापासून, नडगीचं पाच दिवसांचं चालणं निर्वेध झालं असेल तर, एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं. पाचव्यापासून दोन्ही पायांवरच्या, मग एका पायावरच्या उड्या. बॅडमिंटन सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान, वरच्या चारही गोष्टी जमल्या तरच: ब्रेस लावून, कोर्टचे बूट घालून, अर्धा तास, दुहेरी, आणि त्याच्या आदल्या व नंतरच्या दिवशी धावणं नाही.